ड्रॉइंग मास्तरांचा आदिमानव

बोलून बोलून दमवणारी माणसं मला नोकरीत रोज भेटत. पण न बोलता माणसाला अर्धमेलं करणारा गृहस्थ अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका धानोऱ्यात माझ्या शेजारी राहायचा. शाळेत ड्रॉइंग शिकवणारे हे मास्तर. बायको लवकर गेलेली, घरात एकुलती एक मुलगी आणि डोक्यात त्यांनीच काढलेला 'आदिमानव' नावाचा खेळ. टीव्ही अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता, त्यामुळे सुटकेला वाटच नव्हती. रविवारी संध्याकाळी मास्तर कुंपणावरून हाक मारत, "या भाऊ, गुहेत!" आणि आठवडाभर पंचायत समितीत फायली उपसून आंबलेलं अंग घेऊन मी निघायचो.

खेळ असा: चिठ्ठीवर आदिमानवाच्या काळातला एखादा शब्द. ज्याच्या हाती ती येईल त्याने खांद्यावर गोणपाट घ्यायचं आणि नुसतं 'हू' नि 'हा' करत, हातवारे करून तो शब्द बाकीच्यांना ओळखायला लावायचा. तोंडून माणसासारखा एक शब्द निघाला, की मास्तर जुन्या पँटच्या पायात कापूस कोंबून केलेली गदा पाठीत घालत. एकदा मला 'मध' आला. मी झाडावर चढलो, मधमाश्यांनी मला फोडून काढलं, अंग खाजवत मी जमिनीवर लोळलो, आणि माझी बायको म्हणाली, "मलेरिया!" "अगं, मध!" म्हणून मी ओरडलो आणि गदा खाल्ली. वर मास्तर म्हणतात, "वहिनीचं काई चुकलं नाई. मच्छर तेव्हाई होतेच ना?"

मुलीला पाहायला चंद्रपूरहून पाहुणे आले, तेव्हा आज तरी गोणपाट नको म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. आधीची दोन स्थळं नकार देऊन गेली होती आणि मास्तरांची झोप उडाली होती. पोहे झाले. मुलाचे वडील, कोटातले कडक गृहस्थ, मुलीला विचारू लागले, "सैपाक येते? शिवण येते?" तिची मान खाली खाली जाऊ लागली, तसे मास्तर उठले.

"पोरीनंच काऊन पेपर द्यावा, भाऊ? तुमच्या पोराले उभं करा."

हेही स्थळ गेलं, असं म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मुलगा गोणपाट पांघरून, दगडावर दगड घासल्यासारखं करत गाल फुगवून फुंकत होता. "आग!" मुलगी म्हणाली आणि खुदकन हसली. मुलगाही हसला. वडिलांनी एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी कोट काढला आणि म्हणाले, "मले द्या एक चिठ्ठी."

लग्न झालं. सासरी निघालेली मुलगी एसटीच्या खिडकीत बसली. इंजिनच्या धडधडीत काही ऐकू येईना, म्हणून तिने मास्तरांकडे बोट केलं, मनगटावरचं घड्याळ दाखवलं, घास तोंडाशी नेला. तिचा इशारा एरवी त्यांना अर्ध्यातच कळायचा. त्या दिवशी मात्र ते मान हलवत राहिले. "नाई समजलं! आणखी एक बार!" तिने पुन्हा केलं. मास्तरांची पुन्हा तीच मान. डोळे पुसत तिने तिसऱ्यांदा केलं, आणि गाडी वळणाआड गेली.

"मास्तर, वेळेवर जेवा म्हणत होती ती," मी म्हणालो.

"मालूम हाय, भाऊ," ते म्हणाले. "तेवढंच जरा इकडं पाहून राह्यली होती."