आधी बाईंचा डबा

"पिशवी उलटी कर." मेट्रननं भर वॉर्डात सांगितलं. मी केली. भाकरीचं फडकं, कंगवा, पॅडचं पुडकं, सगळं फरशीवर. पेशंट बघत होते. वॉर्डबॉय बघत होता. आणि खुर्चीत बसून गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या त्या बाई बघत होत्या.

दोन हजार आठ-नऊ साल असेल. नाशिकमधलं खाजगी मनोरुग्णालय, मी तिथं नर्स. बाईंचा मुलगा आमच्याकडे भरती होता. इंजिनीअरिंगचा पोरगा. सायबर कॅफेतून उठेना, घरचं नेट तोडलं तर बापावर हात टाकला. डॉक्टरांनी मोबाईल पूर्ण बंद केलेला. पोरगा जरा झोपायला, जेवायला लागला होता. आणि त्या दिवशी त्याच्या उशीखाली नेटवाला मोबाईल सापडला.

बाई म्हणाल्या, "हिनंच दिला असेल. घोटीकडची ना ही? त्या वस्तीतली? ह्या लोकांचं काय सांगावं."

माझ्या आईनं लोकांच्या खाचरात भाताची रोपं लावून, आवणी करून मला नर्सिंगला घातलं. आणि ही बया माझी वस्ती काढते! अंगाची नुसती लाही झाली. पण नोकरी जाईल या भीतीनं खाली बसून सगळं परत पिशवीत भरलं.

तेव्हापासून ड्युटीवर येताना रोज माझी पिशवी उलटी. फक्त माझी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं सामान तपासायचं, हा दारावरचा नियम. पण मोठ्या घरच्यांना मेट्रन हसून आत सोडायची. मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. वॉर्डबॉयचा, मेट्रनचा, त्या पोराचासुद्धा. पोरगा तर बाहेर जात नाही. मग मोबाईल काय चालत आला?

एका दुपारी मी दारात, मागे बाई डबा घेऊन. मेट्रननं माझ्यापुढे हात केला. मी पिशवी छातीशी धरली.

"आधी बाईंचा डबा."

मेट्रन म्हणाली, तोंड सांभाळ. मी हलले नाही. बाईंनी डबा पदराआड घेतला, तिथंच मी काय ते समजले. आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी डबा उघडायला लावला. पोळ्यांखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवा मोबाईल.

बाई रडल्या. पोरगा फोनसाठी पाया पडतो हो, बघवत नाही, म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं. मला म्हणाले, आईचं काळीज आहे, सोडून दे.

नाही सोडलं. माया त्यांची आणि चोर मी, हे मी चालू देणार नाही. दारावरची तपासणी मी डॉक्टरांकडून मागून घेतली. तेव्हापासून दारात मीच उभी असते. कोणाचीही आई येऊ दे, कितीही रडू दे. डबा उघडल्याशिवाय आत पाऊल नाही.