मेजरांचा कोट

मेजर काही खरे मेजर नव्हते. सैन्यात ते गाड्या दुरुस्त करायचे आणि सुटले तेही मेकॅनिक म्हणूनच. पण चालणं असं ताठ, आणि कुणी दारासमोर गाडी आडवी लावली की हुकूम असा सुटायचा, की गल्लीनं आपल्या अधिकारात त्यांना बढती देऊन टाकली. मग ओघानंच बायको झाली मेजरीण. तिला कुणी विचारलं नाही. ती बापडी दाराशी शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे मापात आणून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर. गल्लीत कुणाचं पोट सुटलं आणि कुणाला दिवस गेले हे सगळ्यांत आधी तिच्या टेपला कळायचं. घरातला माणूस वाळत चाललाय हे मात्र तिनं कळूनही कळू दिलं नाही.

त्याला कारण तो कोट. सैन्यातून सुटताना मिळालेला, गडद निळा, पितळी बटणांचा. मेजरांचा सगळा जीव त्या कोटात. लग्नाला तोच, मयतीला तोच, बँकेत हयातीचा दाखला द्यायलाही तोच. अंग उतरायला लागलं तशी मेजरीण कोट आवळत गेली. आधी बगलेखालच्या शिवणी, मग पाठ, मग बाह्या. खांदे उतरले तेव्हा आतून कापसाचे पॅड घातले. कापड मात्र कधी कापलं नाही. जास्तीचं आत दुमडायचं आणि वरून अस्तर लावायचं. माणूस पुन्हा अंगानं भरला तर सोडता यावं म्हणून. भरतोय कसला! पण दर वेळी तिनं तेच केलं.

दुखणं फुफ्फुसांचं. ऐन उमेदीची वर्षं मेजरांनी बंद शेडमध्ये काढली होती. बाहेर कडाक्याची थंडी म्हणून दारं लावलेली, आत इंजिनं चालू, कोपऱ्यात रंगाचे फवारे. तो धूर, तो रंग सगळा आत जाऊन बसला आणि म्हातारपणी उलटला. आता पलंगापासून न्हाणीपर्यंत जायचं तर वाटेत स्टूल ठेवावं लागे. तिथं बसून दम खायचा, मग पुढचा प्रवास. आंघोळ मेजरीण घालायची, आणि त्या वेळी दोघंही दुसऱ्याच कशावर तरी बोलायचे. पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असायचं. तेही उसनं, एका धर्मादाय संस्थेचं. 'महिनाअखेर न्यायला येऊ, दुसरा पेशंट वाट बघतोय,' असा त्यांचा निरोप आला होता. तेव्हापासून मेजरीण दिवस मोजत होती.

सरकारकडून मशीन मिळतं. औषधं मिळतात, मोठ्या दवाखान्यात खाट मिळते. माजी सैनिकाला सगळं मिळतं हो, फक्त तो नियमात बसला पाहिजे! नुसती नोकरी केली म्हणून भागत नाही. तेवढ्यावर सर्दीखोकल्याच्या गोळ्या. पुढचं हवं असेल तर दोन गोष्टी पटवून द्यायच्या. एक, आजार नोकरीतूनच लागला. आणि दुसरी, त्या आजारानं माणूस परावलंबी झाला.

पहिली पटवतानाच मेजरिणीच्या नाकी नऊ आले. कारण सुटायच्या दिवशी सैन्यातल्या डॉक्टरनं विचारलं होतं, "काही तक्रार?" आणि मेजर म्हणाले होते, "नाही, सर!" खोकला तेव्हाही होता. पण जो तक्रार सांगेल त्याला तपासण्यांसाठी ठेवून घ्यायचे, आणि बाहेर घरी जाणारी गाडी भरत होती. त्या दिवशी सुटलेल्या सगळ्यांनी 'नाही, सर' म्हटलं आणि गाडीत उड्या मारल्या. घरी बायको वाट बघत होती ना! त्या एका 'नाही'पायी त्याच बायकोनं पुढं कचेरीत खेटे घातले, चपला झिजवल्या, शेडमधला जुना सोबती हुडकून काढून त्याची जबानी आणली. तेव्हा कुठं पहिली गोष्ट मान्य झाली.

दुसरी गोष्ट मेडिकल बोर्डाच्या हातात. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर, लांब टेबल आणि टेबलापुढं एक खुर्ची.

बोर्डाच्या दिवशी मेजरांनी गुळगुळीत दाढी केली. बूट स्वतः घासले, मध्ये दोनदा थांबून. कोट चढवला, तिनं नुकताच आवळलेला, अगदी मापात. कचेरीचा जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबले, ओठ निळे पडले. पण बोर्डाच्या दाराशी बराच वेळ बाकावर बसायला मिळालं. नाव पुकारल्यावर तोंड पुसलं, श्वास आवरला आणि आत गेले ते परेडला गेल्यासारखे. मेजरिणीला शिपायानं बाहेरच अडवलं. दार मात्र नीट लागत नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बसा."

"उभा ठीक आहे, सर."

"आंघोळ स्वतः करता?"

"हो, सर!"

"जिना चढता?"

"आत्ताच चढून आलो, सर!"

"काही तक्रार?"

"नाही, सर!"

मेजरिणीनं कपाळावर हात मारून घेतला. अहो, काय करताय काय तुम्ही! तिला वाटलं दार ढकलावं, आत शिरावं आणि सगळ्यांसमोर या माणसाला गदागदा हलवावं. पण शिपाई दारात उभा होता. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या यंत्रानंही दगा दिला. एवढा दम खाऊन आत गेलेला माणूस, त्याचा आकडा बरा आला.

मेजर बाहेर आले, बाकापर्यंत पोचले आणि तिथं कोसळले. छाती भात्यासारखी हलत होती, आवाज फुटत नव्हता. "बोलवा ना त्यांना!" मेजरीण शिपायावर ओरडली. "आत्ता बघा म्हणावं!"

"ताई, पुढचा माणूस आत गेला," शिपाई म्हणाला. तो वाईट नव्हता. त्यानं पाणी आणून दिलं.

निकाल आला: अर्जदार स्वावलंबी, मागणी नामंजूर. मेजरीण तो कागद घेऊन कचेरीच्या खिडकीशी गेली. खिडकीतली कारकून बाई तिला एव्हाना ओळखू लागली होती. तिनं आवाज खाली आणला. "मावशी, फेरतपासणी मिळते, पण एकदाच. महिन्याच्या आत लावून देते. आणि एक सांगू? तुमच्या घरात काय चालतं ते बोर्डाला दिसत नाही. बोर्डाला त्या टेबलापुढं जे दिसेल, तेच ते लिहिणार."

घरी आल्यावर मेजरिणीनं जे तोंड सोडलं ते पार शेजारपाजारी ऐकू गेलं. "जिना चढून आलो म्हणे! चढलात की लोंबकळलात? माझा खांदा विचारा माझा!"

मेजर भिंतीकडे बघत होते. "मी काय मुद्दाम करतो?" ते म्हणाले. "समोर कुणी बसून 'काही तक्रार' म्हटलं, की तोंडातून तेच निघतं. आयुष्यभर तेच म्हणत आलो. आजारी म्हटलं की पलटणीतून बाहेर काढायचे."

"आता कुठली पलटण?"

मेजरांनी अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

मग नणंदबाई आल्या. मेजरांची धाकटी बहीण, तोंडाची फटकळ. तिनं सूत्रं हातात घेतली. "वहिनी, तुम्ही व्हा बाजूला. दादा, मी डॉक्टर. चल, आत ये. असा नाही! वाकून ये. भिंत धर. अरे, घरी पाणी आणायला सांगताना कण्हतोस की नाही, तसाच तिथं कण्ह!"

मेजर पलंगावरून उठले. दोन पावलं वाकून चालले आणि तिसऱ्याला ताठ झाले.

"झालं!" नणंद म्हणाली. "लगेच झेंडावंदन! बरं, खोक तरी."

मेजरीण इतक्या दिवसांनी खो खो हसली. मेजरही हसले आणि खोटं खोटं खोकले. मग तो खोकला खराच झाला. थांबेचना. डोळे पांढरे व्हायला लागले, दोघींनी धरून पलंगावर घातलं, नळी नाकाला लावली. जाताना नणंद दारात थांबली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "वहिनी, काहीतरी करा हो."

काहीतरी करा! सगळेच म्हणतात. काय करायचं ते कुणी सांगत नाही.

फेरतपासणी दोन दिवसांवर आली तेव्हा मेजरांनी स्वतःच कोट काढून तिच्यापुढं ठेवला. "जरा बघ गं. पुन्हा ढगळ झालाय. बगलेत आवळून दे, तिथं बरं दिसत नाही."

"देते," ती म्हणाली.

दुपारी मेजरांचा डोळा लागला. मशीन घरघरत होतं. मेजरिणीनं कोट मांडीवर उलटा घेतला, खडूनं खूण करायला अस्तर बाजूला केलं आणि हात तसाच राहिला. आत सगळं दुमडलेलं कापड होतं. एकावर एक टिपा. ही त्या हिवाळ्यातली, पहिल्यांदा दवाखान्यात राहिले तेव्हाची. ही पायऱ्या चढणं सुटलं तेव्हाची. ही न्हाणीच्या वाटेत स्टूल आलं तेव्हाची. गेली इतकी वर्षं आपला माणूस थोडा थोडा करून गेला होता, आणि ती स्वतःच्या हातानं तो आत दुमडून वर अस्तर लावत आली होती. लोकांना दिसू नये म्हणून. स्वतःला दिसू नये म्हणून. आणि बोर्डालाही दिसू नये असंच तिनं त्यांना पाठवलं होतं!

तिनं उसवायला घेतलं. एक टीप निघाली की पुढची. कापसाचे पॅड ओढून काढले. मनात एकच घोकणं: मला माफ करा हो, मला माफ करा. पलंगावरच्या माणसानं विश्वासानं कोट हातात दिला होता. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला फसवत होती, तेही त्याच्या सगळ्यांत दुखऱ्या जागी.

फेरतपासणीला तिनं कोट पिशवीत घालून नेला. "चुरगळेल, तिथं गेल्यावर घाला," म्हणाली. बोर्डाच्या बाहेरच्या बाकावर मेजरांनी कोटात एक हात घातला. बाही खाली उतरली ती थेट बोटांवर. दुसरा हात घातला. खांदे दोन्हीकडे ओघळले, पुढचे पदर लोंबायला लागले. समोरच्या बाकावरचा एक माणूस हसला आणि मग त्यानं मान फिरवली.

मेजरांनी कोटाची कड उलटून पाहिली. उसवलेल्या टिपांची भोकं कापडावर ओळीनं दिसत होती. मेकॅनिकच तो, काय काढलंय आणि का काढलंय ते त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. तसं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. लहान मुलाला भर बाजारात कुणी चड्डी काढायला लावावी, तसं ते तोंड झालं होतं.

"अहो, चला घरी," मेजरीण रडायलाच लागली. "नको मला काही. काढा तो. शर्टावर जा आत, नाहीतर घरी चला. माझं चुकलं."

शिपायानं नाव पुकारलं.

कोट काढायचा म्हटलं तर क्षणाचं काम होतं. खाली स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट होता. मेजर उठले. त्यांनी पितळी बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकही न चुकवता. आणि आत गेले.

मेजरीण दाराच्या फटीला कान लावून उभी राहिली. या वेळी शिपाई तिला काही बोलला नाही.

"बसा," आतून आवाज आला. खुर्ची करकरली. बसले!

"आंघोळ स्वतः करता?"

उत्तर नाही.

"ऐकू येतंय ना? बरं, काही तक्रार?"

आत इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज बाहेर आला. निघालं असणार ते 'नाही, सर', आता निघालंच. मेजरिणीनं डोळे मिटून घेतले.

"कोट बघा, सर," मेजरांचा आवाज आला. हुकमाचा नव्हता, ओळखू येऊ नये असा होता. "माझाच आहे. माझ्याच मापाचा होता."

मग कुणाची तरी खुर्ची मागं सरकली, कुणीतरी उठून त्यांच्याजवळ गेलं. नंतरचं मेजरिणीला ऐकू आलं नाही. तिच्या कानात नुसता तिचाच हुंदका.

मंजुरी आली. खिडकीतल्या बाईनं कागद देताना "अभिनंदन, मावशी" म्हटलं आणि लगेच जीभ चावली. कागदावर लिहिलं होतं: अर्जदार पूर्णपणे परावलंबी, सुधारणेची शक्यता नाही. जिंकले ते हे! आपला माणूस मरतोय हे सरकारला पटवायला बायकोनं इतकी धावाधाव केली होती, आणि एकदाचं त्यांना पटलं होतं. मेजरीण जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून रडली.

सरकारचं मशीन आलं, उसनं परत गेलं. नवं फारसं घरघरत नाही. मेजर नळी लावून पडून असायचे. कोटाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि आंघोळीच्या वेळी आता इकडचं तिकडचं बोलणंही होत नव्हतं. एका सकाळी मेजरिणीनं कोट खुंटीवरून काढून मांडीवर घेतला आणि सुईत दोरा ओवला.

"राहू दे तसाच," मेजर पलंगावरून म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलत होते. "मंजुरीचं कार्ड वर्षाचंच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील. तेव्हा दाखवायला लागेल."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला दिलासा मिळावा म्हणून माणूस पुढच्या वर्षाचं बोलत होता. पुढच्या वर्षाच्या कितीतरी आधी तो कोट त्यांच्या अंगावर एकदा चढवावा लागणार होता, हे दोघांनाही माहीत होतं. तिलाच चढवावा लागणार होता. आणि त्या दिवशी गल्ली दारात जमली की त्यांनी कुणापुढं ढगळ दिसायचं नव्हतं.

"बटण सैल झालंय, तेवढंच लावते," ती म्हणाली, आणि पाठ त्यांच्याकडे करून तिनं बगलेची शिवण पुन्हा आवळायला घेतली.