थंडगार फरशीचे दाजी

दाजी कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याच्या आत आधी उकिडवे बसत आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघत. पाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. टक टक टक. मग मान वाकडी करून कान देत आणि निकाल सांगत, "भरीव हाय." नाहीतर, "पोकळ हाय." पोकळ म्हणजे फरशीखाली माल नीट भरलेला नाही, आज ना उद्या ती तडकणार. मी इंदिरानगरात फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्या पाहुण्यांदेखत ते हॉलभर असेच टकटकत फिरले. सोफ्यासमोरच्या फरशा पोकळ निघाल्या. "मेव्हणं, हितं नाचू नका," म्हणाले. मी आयुष्यात कधी नाचलेलो नाही. वरातीतही मी इतरांच्या पिशव्या सांभाळणाऱ्यांतला. तरी त्या दिवसापासून तिथे टीपॉय आहे आणि मी अजूनही वळसा घालून टीव्हीकडे जातो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गाव चांदवडजवळ, काम फरशी बसवण्याचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते आखातातल्या एका शहरात गेले आणि अंगातली सगळी उमेद तिथेच घालवून आले. वाळवंटात ते शहर तेव्हा उभं राहत होतं. आता ते बातम्यांत दिसतं. दिसलं की आम्ही उंच इमारतींकडे बघायचो आणि दाजी खाली बघायचे. "ती आमची," असं म्हणून बोट करायचे, तोवर कॅमेरा वर गेलेला असायचा. दाजींनी बसवलेली फरशी आम्ही कधी धड पाहिलीच नाही.

सुट्टीवर यायचे तेव्हा पांढरा शर्ट, अत्तराचा घमघमाट, खजुराचे डबे. सगळे घेरून विचारायचे, "कसं हाय तिकडं?"

"एकदम थंडगार!"

"वाळवंटात थंडगार?"

"अहो, बाहेर पाऊल ठेवतो कोण? खोलीत एसी, गाडीत एसी, दुकानात एसी. मला तर कधीकधी स्वेटर घालावा लागतो."

माझ्या ऑफिसात तेव्हा एकच पंखा होता आणि त्याची मान साहेबांकडे अडकलेली होती. वडील माझ्याकडे बघून सुस्कारा सोडायचे. त्या सुस्काऱ्यात मी, माझी नोकरी आणि माझा पंखा, सगळंच यायचं. दाजी खोकायचे मधूनमधून. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "एसीचा खोकला हाय. आपल्याला सवय नाय ना." तेही आम्हाला श्रीमंतीचंच लक्षण वाटायचं. परत निघाले की भाचा राहुल त्यांच्या पायाला मिठी मारून रडायचा. ते त्याला उचलून घेत आणि म्हणत, "मोठा झाला की तुला नेतो. थंडगार हाय तिकडं."

दोन वर्षांपूर्वी दाजी कायमचे परत आले ते तो खोकला घेऊनच. जिना चढताना दर वळणावर थांबायचे आणि थांबलोय हे कळू नये म्हणून तिथली फरशी वाजवायचे. दवाखाना जवळ पडावा म्हणून त्यांनी आमच्या मागच्याच गल्लीत खोली घेतली. मी त्यांना तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाठीवर एक पंजा ठेवला आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक केलं. दाजींनी सवयीने मान वाकडी केली, कान दिला.

"पोकळ हाय ना, डॉक्टर? उपटावी लागंल."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "उलट आहे, काका. जिथं हवा खेळायला हवी तिथं भरलंय. दगडाची धूळ आहे ती. आता निघायची नाही."

दाजी रिक्षात बसले. मग म्हणाले, "जन्मभर भरीव, भरीव करत आलो, मेव्हणं."

खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते रात्रंदिवस घरघरायचं आणि दाजींच्या नाकात नळी असायची. त्यातच राहुलचा व्हिसा आला. तेच शहर. किचन ओट्याचं ग्रॅनाइट कापायचं काम. ताईने गल्लीत पेढे वाटले. मलाही दिला आणि मी तो खाल्ला. दुपारी ती औषधं आणायला गेली तेव्हा दाजींनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्याला थांबवा. मला दम पुरत नाय बोलायला."

"पण दाजी, तुम्हीच तर सांगायचात, एसी..."

"एसी चालू होतो फरशी झाल्यावर. फरशी झाली की आम्ही बाहेर."

मग ते सांगत राहिले. चार शब्द, मग श्वास, मग पुन्हा चार शब्द. एका मोठ्या मॉलची फरशी त्यांच्या टोळीने बसवली होती. आरशासारखी. मॉल सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी सगळे इस्त्रीचे शर्ट घालून ती बघायला गेले. दारावरच्या माणसाने कपडे नाही, हात बघितले आणि परत पाठवलं. "तोंड दिसायचं तिच्यात, मेव्हणं. पण मॉलचे दिवे लागल्यावर आपलं तोंड नाय दिसलं कधी." दगड कोरडाच कापायचे, पाणी मारलं की काम हळू होतं म्हणून. तोंडाला ओला टॉवेल बांधायचे. "टॉवेल ओला असला की झालं, असं वाटायचं. नवीन पोरांना मीच बांधायला शिकवायचो."

"मग थंडगार कशाला म्हणायचात?"

दाजींनी नाकातली नळी नीट केली. "दुपारी उन्हात कामाला सुट्टी. ताडपत्रीखाली दगड रचलेले असायचे, न कापलेले. त्याच्यावर गाल टेकून पडायचं. ते लय थंड असतात." यंत्र घरघरलं. "अगदीच खोटं नव्हतो बोलत."

समजूत घालणं हे काही माझं काम नव्हे. मला भाजीवालासुद्धा समजूत घालून परत पाठवतो. तरी राहुलला चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, पप्पांची तब्येत बरी नाही म्हणून ते असं बोलतात. मी लांब जाऊ नये असं वाटतं त्यांना."

"अरे, फुफ्फुसं गेली त्यांची त्यात!"

"तेव्हा मास्क नव्हते. आता सगळं असतं. आणि इथे राहून काय करू, तुमच्यासारखी पंख्याखाली खुर्ची मिळणार आहे का मला?"

मी चहाचे पैसे दिले. पंख्याची ख्याती पुढच्या पिढीपर्यंत गेली होती.

शेवटी दाजींनी स्वतःच प्रयत्न केला. नळी काढून उठून बसले. "नको जाऊ. लय गरम असतं."

राहुल हसला. "पप्पा, मी रडायचो तेव्हा काय म्हणायचात तुम्ही?"

दाजींनी तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ताईने पुढे होऊन नळी परत लावली.

निघायच्या दिवशी राहुल पाया पडायला वाकला. दाजींनी त्याला तसाच धरून ठेवला आणि पेराने त्याच्या पाठीवर वाजवलं. टक टक टक. वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना, कोपरे सुटू नयेत असं. मान वाकडी करून ऐकलं.

"पोकळ हाय," म्हणाले. "बरं हाय. असाच परत ये."

आम्ही सगळे हसलो. राहुलही हसला. त्याची गाडी चुकेल म्हणून मी घाई केली.

पुढे त्याचा फोन यायचा. स्क्रीनवर त्याचा चेहरा पहिल्या महिन्यातच रापलेला दिसू लागला. दाजींनी एकदाच विचारलं, "कसं हाय तिकडं?"

"एकदम थंडगार, पप्पा!"

दाजींनी फोन पालथा ठेवला. "लागला माझ्यासारखं बोलायला," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्याला ते कधीच विचारलं नाही. जेवलास का, झोपलास का, एवढंच.

थंडी संपता संपता दाजी गेले. राहुलला रजा मिळाली नाही. घरात बुद्धवंदना झाली, नंतरचंही सगळं झालं, ते त्याने माझ्या मोबाइलवर पाहिलं. मोबाइल मी असा धरला होता की त्याला बापापेक्षा माझा अंगठाच जास्त दिसला असेल. दाजींना खाली निजवलं होतं. मान एका बाजूला कलून गाल फरशीला लागत होता. कुणीतरी उशी द्यायला निघालं, तर ताई म्हणाली, "राहू द्या."

परवा ताई आमच्याकडे होती तेव्हा राहुलचा फोन आला. तिने फोन टीपॉयवर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. बोलता बोलता तो खोकला. थांबला, पुन्हा खोकला.

"सर्दी झाली का रे?" ताईने विचारलं.

"नाही गं आई. एसीचा खोकला. सवय नाही ना."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी टीपॉयखालच्या फरशीकडे बघत होतो. फोनमधून "आई? आई, ऐकू येतंय का?" चाललं होतं. मग ती फोनवर वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"येतंय बाळा. स्वेटर घालत जा."