सोळावा शुक्रवार आणि ताकातली कोंबडी

बहारीनमध्ये हे नऊ वर्षं होते आणि मी सहा. त्या सगळ्या काळात एका साहेबाने आम्हाला जेवायला बोलावलं ते एकदाच, आणि तेही घरी नाही, हायवेवरच्या हॉटेलात. त्या जेवणाच्या आमच्या नात्यात चार-पाच कहाण्या फिरतात. कुणी म्हणतं मी साहेबाला सुनावलं, कुणी म्हणतं मी ताट सरकवून उठले. टेबलाशी मी होते, सांगणारे नव्हते. तेव्हा मीच लिहून टाकते, म्हणजे मिटलं.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे, तिथे एका ठेकेदार कंपनीतर्फे ते क्रेनच्या दुरुस्तीवर फोरमन होते. शिक्षण आयटीआयचं, पण क्रेनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. फॅमिली व्हिसा मिळाला तशी मी मुलीला घेऊन गेले. गुदैबियाच्या वस्तीत दोन खोल्या, खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान, समोर इडली-डोशाचं हॉटेल. जिना उतरलं की हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि घरात आमची रत्नागिरीकडची मराठी. मुलीला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. मी ओरडले की तेवढ्यापुरती सुधारायची.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तेलाचे भाव पडले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये खोके बांधायच्या दोरीला मागणी आली. दर महिन्याला एक बिऱ्हाड निघायचं. यांचं कॉन्ट्रॅक्ट दोन-दोन वर्षांनी वाढायचं आणि आता जूनमध्ये संपत होतं. वाढणार का म्हणून ऑफिसात विचारलं की ‘इंशाल्ला’. त्या एका शब्दावर माणसाने किती रात्री झोपावं? हे पंचेचाळीसच्या पुढे गेलेले. गावी जाऊन काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ते बोलायचे नाहीत, नुसते नखं खायचे.

अशात सासूबाईंचं पत्र आलं की सोळा शुक्रवार धर. देवधर्मात मी पुढे पुढे करणाऱ्यातली नाही, पण हातात घेतलेलं काम अर्धं टाकायची मला सवय नाही. धरले. या व्रताचं सगळं सोपं आहे. एकवेळ जेवायचं, गूळ-चण्याचा प्रसाद, आणि शुक्रवारी आंबट शिवायचं नाही. नुसतं आपण नाही, घरातल्या कुणीच नाही. सासूबाईंनी सविस्तर लिहिलं होतं, पुरुषमाणसाने बाहेर मासा-मटण खाल्लं तर देवी एक वेळ बघून न बघितल्यासारखं करते, पण आंबटाला माफी नाही. आता तिकडे सुट्टी एकच, शुक्रवारची. कोकणातला माणूस, आठवड्यातून एक दिवस निवांत जेवणार, आणि त्याच दिवशी आमटीत आमसूल नाही, सोलकढी नाही, लिंबाची फोड नाही, ताक नाही. हे पहिल्या शुक्रवारपासून कुरकुरत होते.

“देवीला म्हणावं सोमवार घे गो. सोमवारी मी असतोच कुठे घरी?” दर आठवड्याला एकच विनोद. मी म्हणायचे, तुम्ही फक्त गिळा, बाकी आमचं आम्ही बघतो.

असे पंधरा शुक्रवार झाले. सोळाव्याच्या आधीच्या बुधवारी हे दोन-दोन पायऱ्या चढत वर आले आणि दारातूनच म्हणाले, “साहेबानं जेवायला बोलावलंय. तुला, पोरीला, सगळ्यांना. शुक्रवारी दुपारी.”

साहेब अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. साठीला आलेला, उंच, मान उन्हाने कायमची लाल झालेली. शब्द असे सावकाश चघळून बोलायचा की त्याचं इंग्रजी मला इतरांपेक्षा लवकर समजायचं. त्याच्या मुलखातल्या जेवणाचं एक हॉटेल, तिकडे म्हणे हमरस्त्यांवर ठिकठिकाणी असतं, ते आमच्या हायवेवर नवीन उघडलं होतं.

मी त्याच मिनिटाला निकाल दिला. “झालं तुमचं काम.”

“कशावरून?”

“अहो, वाईट सांगायचं असलं तर माणूस गल्ली बदलतो. बायकापोरांसकट जेवायला घालतो का? तोंड गोड करायला बोलावलंय. मी सांगते ना!”

मी सांगते ना म्हटलं की आमच्या घरात पुढे चर्चा नसायची. यांचा चेहरा असा उजळला की मलाच माझं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की वार शुक्रवार. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते असं. दिवस बदला असं साहेबाला सांगायची यांची छाती नव्हती. “तुझं काय ते तू बघ,” हे म्हणाले, “पण तिथे तमाशा नको.” मी ठरवलं की आपलं एकवेळचं जेवण तिथेच जेवायचं. दहा पदार्थ असतील, त्यातले दोन तरी बिनआंबटाचे निघतीलच. त्यात काय मोठंसं!

शुक्रवारी मी नारायणपेठ नेसले, मुलीला नवा फ्रॉक घातला. कंपनीची गाडी यांनी सकाळीच धुतली होती.

हॉटेल रस्त्याला लागून, बैठं, पांढऱ्या लाकडी पट्ट्यांचं. पुढे ओटी आणि ओटीवर झुलत्या खुर्च्या. त्या उन्हात त्यांवर कोण बसणार होतं देव जाणे, सीट तापून पापड भाजता आला असता. आत मात्र थंडगार. टेबलांवर लाल चौकड्यांचं मेणकापड, भिंतीला बैलगाडीचं एक चाक टांगलेलं. चाकावर धूळसुद्धा नव्हती. साहेब आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, डोक्यावरची टोपी मात्र काढली नव्हती. आम्ही आल्यावर तो उभा राहिला आणि माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. माझ्यासाठी त्याआधी कुणी खुर्ची ओढली नव्हती. मी महाराणीसारखी बसले.

“आज सगळं मी मागवणार,” तो म्हणाला. “हे माझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं जेवण आहे.”

आणि आलं. तळलेल्या कोंबडीची परात, तिच्यावर जाड खरपूस कवच. बारीक चिरलेला कोबी पांढऱ्या सॉसमध्ये कालवलेला. काकडीच्या चकत्या. मऊ पाव, त्याला ते बिस्किट म्हणतात. कुस्करलेला बटाटा आणि त्यावर मिऱ्याचा पांढरा रस्सा. मक्याची कणसं लोण्यात लडबडलेली. बर्फ घातलेला चहा, ग्लासच्या कडेला लिंबाची चकती खोचून.

मी चौफेर नजर टाकली. कोबीला व्हिनेगरचा वास लांबूनच येत होता. काकडी मुरवलेली होती. चहात लिंबू. साहेब अभिमानाने माझ्याकडे वळून म्हणाला, “कोंबडी रात्रभर ताकात भिजवतात, म्हणून इतकी मऊ. आणि पावाचं पीठही ताकातच.”

घ्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. देवीने माझी परीक्षा घ्यायला अमेरिकेहून आचारी आणवला होता.

पाणी घेऊन आलेला वाढपी मंगळूरकडचा होता, माझ्याएवढ्याच वयाचा. त्याला मी हळूच हिंदीत विचारलं, यात खट्टा नसलेलं काय आहे? त्याने टेबलावरून नजर फिरवली. “भाभी, भुट्टा खाओ. आलू खाओ, ग्रेवी मत लो, उस का मेरे को मालूम नहीं. बाकी सब खट्टा.” भला माणूस. मी कणीस घेतलं, बटाट्यावरचा रस्सा बाजूला करून बटाटा घेतला, मुलीलाही तेच वाढलं, आणि आत्मविश्वासाने खायला लागले. लोण्यातलं कणीस उत्तम होतं, खोटं कशाला बोलू. दुसरंही घेतलं.

साहेबासमोर यांना अडवणं म्हणजे तमाशाच, म्हणून यांच्याकडे मी बघितलंच नाही. हे साहेबाशी क्रेनबद्दल बोलत होते आणि मान डोलावत होते. काट्याचा आवाज येत होता म्हणजे जेवत असणार, असं मी धरून चालले. मला वाट होती ती साहेबाच्या तोंडून शब्द निघण्याची. पण साहेब पावसापाण्याचं, आईचं, कुत्र्याचं सगळं बोलला. कॉन्ट्रॅक्टचं अक्षर काढलं नाही. मी मनात म्हटलं, गोडाच्या वेळी सांगेल.

मग त्याचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं. “तुम्ही कोंबडी घेतली नाहीत?”

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात आमच्या कन्येने तोंड उघडलं. “ममी डझंट ईट सावर ऑन फ्रायडे. इट्स फॉर गॉड.”

हे एकदम म्हणाले, “नथिंग, सर, नथिंग.” टेबलाखालून माझ्या पायावर पाय आला. मला राग आला. लपवायला मी काय चोरी केली होती? मी जुन्या अकरावीपर्यंतच्या इंग्रजीत साहेबाला सरळ सांगितलं की सोळा शुक्रवारांचं व्रत आहे, आजचा शेवटचा, आणि आज आमच्या घरात आंबट चालत नाही.

“कशासाठी करतात हे व्रत?” त्याने विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारलं.

“यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढावं म्हणून,” मी म्हटलं.

साहेबाने काटा खाली ठेवला. टोपी काढून मांडीवर घेतली. टक्कल पडलेलं होतं, ते मी पहिल्यांदाच बघितलं. मग तो यांच्याकडे वळून म्हणाला, “कॉन्ट्रॅक्ट वाढवायची यादी सोमवारी वर गेली. मी तुमचं नाव दोनदा घातलं आणि दोनदा ते कापून आलं. आज जेवण झाल्यावर सांगणार होतो.”

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “आमच्या गावी कुणाच्या घरी वाईट बातमी असली की शेजारी आधी जेवण घेऊन जातात. मला रांधता येत नाही, म्हणून इथे बोलावलं.”

छातीठोकपणे सांगणारी मी, मला हे कळायला हवं होतं. माझे वडील गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती, आणि रोज कुणा ना कुणा शेजाऱ्याकडून झाकलेलं पातेलं येत होतं, भाताचं, पिठल्याचं. त्या भाताची चव मला अजून माहीत आहे. साहेबाने तेच केलं होतं, आणि मी बुधवारपासून त्याला लग्नाचं आमंत्रण समजून नारायणपेठ नेसून आले होते.

यांनी खिशातल्या रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, “थँक यू, सर.”

ते थँक यू ऐकून माझं डोकंच फिरलं. साहेबावर राग नव्हता, तो बिचारा आमच्याहून वाईट दिसत होता. राग आला तो त्या सोमवारच्या यादीचा, आणि सोमवारनंतरही भरवशाने शुक्रवारची वाट बघत राहिलेल्या माझा. आम्ही काही भिकेला लागणार नव्हतो. परत आलो, यांनी चिपळूणला रस्त्यालगत शेड घालून पंप आणि मोटारी दुरुस्त करायला घेतल्या, आणि पुढे दहा माणसं हाताखाली आली. मला त्या टेबलाशीही आतून ठाऊक होतं की आम्ही उभे राहू. पण ठाऊक असलं म्हणून जळायचं राहत नाही.

“खलास!” मी मोठ्याने म्हटलं, आणि कोबीची वाटी पुढे ओढली. मागायचं होतं ते नाही म्हणून सांगून झालं होतं, आता कुणाचं पथ्य पाळायचं? भरला चमचा तोंडाशी नेला.

यांनी माझं मनगट धरलं.

“अगो, शुक्रवार आहे,” हे म्हणाले.

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या ताटाकडे बघितलं. कोबी जसाच्या तसा. काकडी तशीच, पाव तसाच. कागदी रुमाल पसरून ठेवला होता, त्याची कड मी उचलली, तर खाली कोंबडीचे तीन अख्खे तुकडे. साहेबाने ताकाचं सांगितलं तेव्हापासून हे रिकामा काटा ताटावर वाजवत बसले होते. मला तमाशा नको म्हणणारे, दर आठवड्याला देवीची थट्टा करणारे. सोळा शुक्रवारांवर माझा नव्हता एवढा भरवसा या माणसाने ठेवला होता आणि मला कळूही दिलं नव्हतं.

मी चमचा वाटीत ठेवला. कणसांच्या ताटलीत एक कणीस उरलं होतं, ते मोडून अर्धं त्यांच्या ताटात घातलं आणि अर्धं मी घेतलं.