माझा फॉर्म सरांनी भरला

सरांनी मान वर केली नाही. माझ्या हातातला अकरावीचा फॉर्म ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि शाखेच्या रकान्यात लिहिलं, 'कला'.

मी टेबलासमोर उभी होते. आई माझ्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून. ऑफिसात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणून कोणी म्हणालं नाही, आणि आपण होऊन बसायची आम्हाला सवय नव्हती.

"सर, मला सायन्स पाहिजे," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच कळला नाही.

"झेपणार नाही तुला."

बस. एवढंच. पेन पुढच्या रकान्यात गेलं.

मला दहावीला शहाऐंशी टक्के होते. विज्ञानात एक्क्याण्णव. गुणपत्रिका त्यांच्या हाताखालीच होती.

ज्यांच्या वाडीत आई कामाला जायची, त्या वाडीवाल्यांची मुलगी माझ्या आधी येऊन गेली होती. माझ्याच वर्गातली. तिला एकाहत्तर टक्के. तिचे वडील आत आले तेव्हा सर उठून उभे राहिले. चहा मागवला. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी तिला सगळं काढून दाखवलं. वर सायन्स. खाली दोन बाण. एका बाणाखाली इंजिनीअरिंग, दुसऱ्याखाली डॉक्टर, फार्मसी, नर्सिंग, शेतकी. मी दारात रांगेत उभी राहून ते सगळं पाहिलं, ऐकलं. सर म्हणाले, "आत्ताच काही ठरवू नका हो. सगळ्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. पोरगी लहान आहे अजून."

मी तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान होते.

माझ्यासाठी कागद निघाला नाही. फॉर्मवर शाळेचा शिक्का मारता मारता सर म्हणाले, "डी.एड. झालं तर झालं. नाहीतर अंगणवाडीत बघ. तुमच्या लोकांना सवलती असतात. चिकटशील कुठेतरी."

चिकटशील. मी माणूस होते. मला विज्ञानात एक्क्याण्णव होते. आणि मी चिकटणार होते कुठेतरी.

मागून आई म्हणाली, "लय उपकार झाले, सर." वळून पाहिलं तर तिने हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी आईने मला सरांच्या घरी पाठवलं. टोपलीभर जांभळं घेऊन. सरांच्या बायकोने पायरीवरच टोपलीतली जांभळं आपल्या पातेल्यात ओतून घेतली आणि टोपली खाली ठेवली. मी ती उचलली आणि निघाले. माझा फॉर्म ज्याने भरला त्याला मी स्वतःच्या हाताने जांभळं नेऊन दिली. हे मला अजून गिळता येत नाही.

आमचा पाडा पालघर तालुक्यात, माकुणसारच्या पलीकडे, रेल्वेच्या अलीकडे. आम्ही आदिवासी. बाबा आठ महिने गुजरातला मासेमारीच्या बोटीवर खलाशी. आई वाडीत पानवेलीला पाणी घालायची, सुपाऱ्या वेचायची. घरात शिकलेली पहिली मी. माझ्या मागे दर्शना, माझ्याहून सात वर्षांनी लहान.

दर्शनाला लहानपणी फेफरं यायचं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, पण कधी कधी संपलेल्या असायच्या. मग सफाळ्याच्या मेडिकलमधून आणायच्या. खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असायचा, बारीक अक्षरांचा. लोक तो फेकून देतात. मी ठेवायचे. इंग्रजी कळायचं नाही, तरी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावायचे. ही गोळी कशाची आहे, कोणाला द्यायची नाही, जास्त झाली तर काय होतं. माझ्या बहिणीच्या पोटात काय जातंय ते मला कळायला हवं होतं. नववीत विज्ञानाच्या बाईंनी ते कागद माझ्या वहीत पाहिले. म्हणाल्या, "तू फार्मसीला जा." तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वर्षभरात बाईंची बदली झाली.

पालघरच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या खिडकीपाशी गेले. शाखा बदलता येते का विचारलं. क्लार्क म्हणाला, पालकांना घेऊन ये, जागा आहेत अजून.

घरी येऊन आईला म्हटलं, चल. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"सरांच्या शब्दाच्या बाहेर जावचं नाय, बाय."

"आये, जागा हाय."

"नको. माजं ऐक."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं तिला वाडीतला खाडा परवडत नाही. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. आठवड्याने जागा भरल्या.

बारावी आर्ट्सला मी कॉलेजात दुसरी आले. त्या उन्हाळ्यात पालघरच्या एका हॉलमध्ये मार्गदर्शनाचा मेळावा होता. बाहेर मोठा बोर्ड, 'बारावीनंतर काय?' आत टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलावर एक वाट. हॉटेल, विमान, कॉम्प्युटर, नर्सिंग, बँकेच्या परीक्षा. मी सरळ फार्मसीच्या टेबलापाशी गेले. तिथल्या माणसाने हसून रंगीत पुस्तिका माझ्या हातात दिली.

"ग्रुप कुठला? मॅथ्स की बायो?"

"आर्ट्स."

त्याने हात पुढे केला आणि पुस्तिका परत घेतली. रागाने नाही. नीट, सावकाश. मग मागच्या मुलीला दिली.

मी प्रत्येक टेबलापाशी गेले. काही ठिकाणी मला चालत होतं. जिथे चालत होतं तिथे मला जायचं नव्हतं. त्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा कळलं की सरांनी त्या दिवशी एक शब्द लिहिला नव्हता, दहा टेबलं उचलून नेली होती.

पुढचं शिक्षण नुसतं नावाला करण्यापेक्षा मी कामाला लागले. बोईसरला औषधाच्या गोळ्या बनवणारी एक कंपनी. ठेकेदारातर्फे, पॅकिंगला. जवळच सालवडला चार मुली मिळून एक खोली. फिरत्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येतात, आपण खोकं उघडायचं, पाकीट घालायचं, घडीचा कागद घालायचा, झाकण लावायचं. आठ तास. तो कागद. मी इतकी वर्षं जमवलेला. आता तो माझ्या हातातून दिवसाला किती जायचा, मोजदाद नव्हती.

पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, याची मला भीती वाटते.

चार वर्षं गेली. मागच्या वर्षी एका दुपारी हातातल्या कागदावर नजर गेली. खोकं ब्लडप्रेशरच्या गोळीचं होतं. आतला कागद साखरेच्या आजाराच्या गोळीचा. मी दुसरा उचलला. तोही तसाच. गठ्ठाच चुकीचा आला होता.

लाइनवर पांढऱ्या कोटातले एक साहेब असायचे. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तू पढ़ती क्यों है? पढ़ना तेरा काम नहीं है. हाथ चला."

मी जागेवर गेले. पट्टा चालू होता. पाकिटं येत होती. मला दर्शनाचं लहानपण आठवलं, सफाळ्याचं मेडिकल आठवलं. कुणाच्या तरी घरात कुणीतरी हा कागद वाचेल. मी हात खाली सोडले. माझ्यासमोर पाकिटांचा ढीग साचला, पट्ट्यावरून खाली पडायला लागला. बाजूची मुलगी म्हणाली, "पागल हो गई क्या?" साहेब धावत आले. ओरडले. मी म्हटलं, "गलत है. मैं नहीं भरूँगी." आरडाओरडा ऐकून तपासणीवाले आले. त्यांनी कागद वाचला आणि लाइन बंद केली. त्या पाळीतली सगळी खोकी फोडली.

संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून मोठ्या साहेबांनी पांढऱ्या कोटाचं कौतुक केलं. वेळेवर चूक पकडली म्हणून. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप गेले. बाहेर पडताना ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काम रोका ना तूने? दो दिन घर बैठ."

त्या दोन दिवसांत मी घरी गेले. आई ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसली होती. सहा वर्षांत मी तिला काही म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी म्हटलं. सगळं. फॉर्म, जांभळं, कॉलेजची खिडकी. म्हटलं, "तू हात जोडलेस त्या माणसापुढे. त्यानं माझं वाटोळं केलं आणि तू उपकार म्हणालीस."

आईने हातातली सुपारी खाली ठेवली.

"मला सरांनी आदल्या दिवशी बोलावलं व्हतं. एकटीला. बोलले, पोर सायन्सात नापास होल. मंग शरमेनं जिवाचं काय करून घेल, सांगता येत नाय. तशी पोरं बगितलीत त्यांनी." ती थांबली. "मार्क नकोत, साळा नको, पन तू पायजे व्हतीस मला. माजी हिंमत नाय झाली, बाय."

मी तिने खाली ठेवलेली सुपारी उचलली.

"मला वाचता येत नाय," आई म्हणाली. "तुला येत व्हतं ना? मंग तू का गप रायलीस?"

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती.

सरांना जे विचारायचं ते मी आईला विचारलं. ती जवळ होती म्हणून. ती माझं ऐकून घेणार होती म्हणून. त्या दिवसापासून आई कशातच मत देत नाही. बाबांनी कधी यायचं, दर्शनाला कपडे कुठले, काहीही विचारलं की म्हणते, "तुमी बगा. मला नका इचारू." पांढऱ्या कोटाने माझं नाव खाल्लं, सरांनी माझ्या वाटा खाल्ल्या. पण आईचा आवाज मी घालवला. ते माझं.

या वर्षी दर्शना दहावी झाली. आता फॉर्म ऑनलाइन. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत सर मुलांचे फॉर्म भरून देतात. तेच सर. आता मुख्याध्यापक. मी सुट्टी टाकून दर्शनाबरोबर गेले. दोन खुर्च्या होत्या. आम्ही बसलो.

सरांनी तिची गुणपत्रिका पाहिली. काही न विचारता माउस हलवायला लागले. "नंबर कुणाचा दिलाय? ओटीपी आला असेल. सांगा."

फोन माझ्या हातात होता. आकडे आले होते.

"नाही सांगत," मी म्हटलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

"म्हणूनच. तुम्ही तिला विचारलं नाही. मलाही विचारलं नव्हतं. मला शहाऐंशी होते. मी सायन्स म्हणाले, तुम्ही कला लिहिलं. माझ्या आईला बोलावून सांगितलंत, पोरगी जीव देईल."

खोलीतली मुलं वळून बघायला लागली. सर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. राग, शरम, काहीही.

"कुठली बॅच तुझी?" त्यांनी विचारलं. "नाव काय म्हणालीस?"

त्यांना मी आठवत नव्हते. खोटं बोलत नव्हते ते. खरंच आठवत नव्हते.

मी दर्शनाकडे वळले. मनात मी तिच्यासाठी सायन्स कधीच लिहून ठेवलं होतं. "बोल," मी म्हटलं. "तुला काय पायजे?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आयटीआय. इलेक्ट्रिशियन."

सर हसले. "बघ. हिला स्वतःची कुवत कळते."

एक क्षण मीही तेच करणार होते. तिच्या दंडाला धरून म्हणणार होते, नाही, सायन्स घे, माझ्यासाठी घे. जिभेवर आलं होतं.

"का?" मी एवढंच विचारलं.

"मला आवडतं, ताय. पाड्यावरचं मीटर जळालेलं तेव्हा वायरमननं मला सगळं दाखवलेलं. मला ते करायचं हाय."

मी सरांना म्हटलं, "कुवत नाही सर. आवड आहे. आणि आयटीआयचा अर्ज तुमच्याकडून भरायचा नसतो. ऊठ, दर्शना."

बोईसरच्या सायबर कॅफेत तिने स्वतः फॉर्म भरला. मी मागे उभी राहिले. स्पेलिंगसुद्धा सांगितलं नाही.

घरी आईने फक्त विचारलं, "मला सई करायची हाय का?" नाही म्हटल्यावर आत निघून गेली. दर्शना काय शिकणार ते तिने विचारलं नाही.

आता माझं. मी तेवीस वर्षांची आहे. मुक्त विद्यालयातून बारावीचं सायन्स देता येतं, हे मला एका पॅकिंगवाल्या मुलीने सांगितलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. अर्ज भरलाय. प्रॅक्टिकलला सुट्टी मिळणार नाही, असं ठेकेदाराने आधीच सांगून टाकलंय. मी जाणार आहे. काम गेलं तर जाईल. सात वर्षांत मी शाळेतलं बरंच विसरलेय, गणित तर पारच. अभ्यासाला बसले की डोकं सुन्न होतं. सर म्हणाले होते, झेपणार नाही. कदाचित नाही झेपणार. कदाचित नापास होईन. होऊ दे. ते माझ्या हाताने होईल, माझ्या नावावर होईल, आणि मी पुन्हा बसेन.