सरडेमावशींची रिकामी पेटी

सरडेमावशींच्या घरी पाहुण्याच्या आधी सरड्यांना पाणी मिळायचं. जर्मनीत, कोलोनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. आपण कोट काढून ताटकळत उभे, आणि त्या फवारणीची बाटली घेऊन पेटीतल्या पानांशी. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, हे पुन्हा एकदा ऐकल्यावरच आपल्या चहाचं आधण चढे.

माझ्या दहा वर्षांच्या सईला निळा-हिरवा पँथर शॅमेलिऑन हवा होता. "दिसायला राजबिंडा, पण नाजूक फार," मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदाच पाळतेयस ना? मग येमेनचा घे. तो थोड्या चुका सोसतो. आणि नरच घे. मादी एकटी असली तरी अंडी घालते, नवख्या माणसाला ते झेपत नाही." सईने "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून मान डोलावली, जसं काही तिला हे सगळं आधीच ठाऊक होतं.

सरड्याला हात मात्र त्या कुणाला लावू देत नसत. "तो माणसाळत नाही गं, आपल्याला सहन करतो," म्हणायच्या. मला तो टोमणाच वाटायचा.

त्यांचा खरा हट्ट रिकाम्या पेटीचा. सरडा आणण्याआधी महिनाभर आपल्या घरी पेटीत नुसती झाडं ठेवायची, दिवा लावायचा, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोन दिवस फ्रँकफर्टला मैत्रिणीकडे गेलो. मावशींनी विचारलं तेव्हा मी धडधडीत "रोज फवारलं" म्हणाले. सईने जर्मनमध्ये खरं काय ते सांगून टाकलं. मावशी रागावल्या नाहीत. "आल्झो, मग पुन्हा पहिल्यापासून," एवढंच म्हणाल्या.

नवा महिना शनिवारी संपणार होता. त्या दिवशी त्या आम्हाला सरड्यांची पैदास करणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या ब्रीडरकडे नेणार होत्या. गुरुवारी हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या. त्यांचे दोन्ही सरडे तो ब्रीडरच घेऊन गेला. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. फ्रँकफर्टला गेलो नसतो तर सईचा सरडा मावशींच्या हातून घरी आला असता, एवढंच डोक्यात फिरत राहतं.

सई आता सरड्याचं नाव काढत नाही. महिना कधीच संपला. परवा सकाळी मी फवारत होते, तेव्हा शाळेला निघालेली सई दारात थांबली. "आई, दा इस्ट दोख काइनर द्रिन," म्हणाली. आत कुणीच नाहीये.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि मागच्या बाजूची पानंही ओली केली.