जिवाची विहीर कुणी खणली

पोशेऱ्याची पुष्पा दिघा रेडिओवर आली ती म्हाताऱ्यांच्या हसण्यामुळं.

सहा वर्षं झाली त्याला. जव्हारच्या ‘रेडिओ कारवी’ या सामुदायिक केंद्राची प्रमुख वर्षाली लग्नातली जुनी गाणी रेकॉर्ड करायला पोशेऱ्याजवळच्या करवंदपाड्यावर आली होती. वर्षाली नाशिकची. मनानं चांगली, पण बोलणं पुस्तकी. अंगणात बसलेल्या चार म्हाताऱ्यांसमोर रेकॉर्डर धरून तिनं विचारलं, “आपल्या विवाहपरंपरेविषयी आपण काय सांगाल?” म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले आणि ज्या हसत सुटल्या त्या थांबेचनात.

बाजूला पुष्पा नागली पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, वर्षालीच्या हातातून रेकॉर्डर घेतला आणि थोरल्या म्हातारीला म्हणाली, “आये, तुझ्या हळदीच्या दिवशी नवरा खेकडी धराया गेला न् सांजपर्यंत आलाच नाय, ते सांग की.”

म्हातारी पाऊण तास बोलली. गाणीही आली, नवराही आला, खेकडीही आली. परतताना वर्षालीनं विचारलं, “पुष्पाताई, गुरुवारी जव्हारला याल का?”

पुष्पा तेव्हा चौतिशीची. शाळा आठवीपर्यंत. नवरा तुषार कापणी झाली की ठाण्याला बांधकामावर जायचा. घरचं भात, नागली, दोन मुली आणि चार शेळ्या पुष्पा बघायची. गुरुवारी ती जव्हारला गेली, ती दर गुरुवारी जात राहिली. तिचा कार्यक्रम लोकांना आवडायला लागला, कारण तो त्यांच्याच नावांचा होता. पाड्याला हे नाव का, ओढ्याला ते नाव का, एवढंच ती विचारायची. एका घाटीला ‘रडकी’ म्हणतात. सासरी निघालेल्या पोरींना माहेरची कौलं शेवटची दिसतात ती तिथून, हे तिनं शोधून काढलं. शिरपामाळावर ती गेली तेव्हा पाहुण्यांना माहिती सांगणारा एक गृहस्थ शिवाजी महाराजांच्या मुक्कामाचं वर्णन करत होता. पुष्पानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दादा, एवढ्या घोड्यांना पाणी कुठून आणलं असंल?” पुढचे तीन गुरुवार तालुकाभरातून फोन येत राहिले. जो तो आपल्याच गावचा झरा पुढं करत होता.

केंद्राचा आवाज मोखाड्याच्या डोंगरांत येता येता दमतो. करवंदपाड्यावर तो फक्त पाण्याच्या टाकीजवळ लागतो. म्हणून गुरुवारी संध्याकाळी टाकीपाशी माणसं जमायची. जिथं तेवढंही पोचत नाही तिथं पुष्पा स्पीकर खांद्याला लावून स्वतः जायची आणि झालेला कार्यक्रम ऐकवायची.

अशीच गेल्या वर्षी ती ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीत गेली. त्या आठवड्याचा कार्यक्रम तिच्या अगदी जवळचा होता. पाड्याच्या खालच्या अंगाला खडकात खणलेली विहीर आहे, तिला सगळे ‘जिवाची विहीर’ म्हणतात. जिवा म्हणजे पुष्पाचा आजा; तिचं माहेरही ह्याच पाड्यावर. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं एकट्यानं खडक फोडून पाणी काढलं, हे ऐकतच ती वाढली होती. रेडिओवर ही गोष्ट तिच्या काकानं, लाडक्यानं, सांगितली होती आणि फार रंगवून सांगितली होती.

कातकरवाडीत आठदहा बाया आणि कामावरून आलेले काही गडी स्पीकरभोवती बसले होते. लाडक्याकाकाचा आवाज म्हणत होता, “एकटा माणूस, हातात घण न् छिन्नी, दुसरा कुणी सोबतीला नाय!”

“आन् माझा बा काय बघत उभा व्हता?” मागून कुणीतरी म्हणालं.

बाळी होती ती. पासष्टीच्या आसपासची, बारीक अंगाची. आयुष्यभर दुसऱ्यांची भातं लावली, वीटभट्ट्यांवर विटा पाडल्या. वाडीत सहसा कुणाशी वाद घालणारी नव्हे. पुष्पानं स्पीकर बंद केला.

“सांग आये.”

“तुझ्या आज्यानं जागा दावली, ते खरं. जमीन त्याची. भाकर द्यायचा, तेबी खरं. पण खडक फोडला माझ्या बानं, मंगळूनं. मी न् माझी आय दगडं वर वाहायचो. कपची उडून बाचा एक डोळा गेला. पाणी लागलं तवा नारळ तुमच्याकडच्यांनी फोडला. आम्हाला घागर लांबून भरून दिली.”

मग पुष्पाकडं बघत ती म्हणाली, “खोटं वाटतं तं खोबण्या बघ. माझा बा डावरा व्हता.”

पुष्पाला पुढं काही बघायची गरज उरली नाही. विहिरीत उतरायला खडकात पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या कोरलेल्या होत्या. लहानपणी उन्हाळ्यात तळाला गेलेलं पाणी वाटीनं भरायला ती त्यांवरून शेकडो वेळा उतरली होती. पहिला पाय डावाच टाकावा लागायचा. उजवा टाकला की पुढची खोबणी सापडायची नाही. सगळ्या पोरी म्हणायच्या, ह्या खोबण्या उलट्या आहेत. त्या का उलट्या, हे मात्र कुणालाच कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

घरी येताना ती विहिरीवर थांबली आणि तिनं पुन्हा एकदा उतरून पाहिलं.

लाडक्याकाकाला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो नांगराचा फाळ घासत होता. “पुष्पे,” तो म्हणाला, “लोक आपल्या घराला मान देतात तो कशापायी? त्या विहिरीपायी. आन् तू रेडिओवर बसून घरचंच नाव बुडवनार?”

“आज्याचं नाव बुडत नाय काका. पण मंगळूचं कधी निघालंच नाय.”

“तं मग माझ्या दारात येऊ नको,” लाडक्या म्हणाला आणि पुन्हा फाळ घासू लागला.

पुष्पा रडत घरी आली. बाप लवकर गेल्यावर ह्याच काकानं तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, तिच्या लग्नात उंबरठ्यावर उभं राहून तोच हमसून रडला होता. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तुषारला फोनवर सांगितलं तर तो ठाण्याहून म्हणाला, “तू गप बसलीस तं तुलाच झोप नाय लागायची. मग मलाबी फोन करून जागवशील.”

वर्षालीनं तोडगा काढला, की पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन ओळींची दुरुस्ती वाचून टाकावी. पुष्पानं मान हलवली. “वाचून नाय चालणार ताई. काकानं आपल्या तोंडानं सांगितलं, तं बाळीआय पण आपल्याच तोंडानं सांगंल.”

गुरुवारी ती बाळीला जीपनं जव्हारला घेऊन गेली. बाळीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. माईकसमोर बसल्यावर तिनं विचारलं, “हितं बोललं का तिकडं टाकीपाशी ऐकू जातं?”

“जातं.”

“मग आदी इचारते, सुनबाय, बकरी बांधली का गं?”

काचेपलीकडं वर्षाली पोट धरून हसली. कापायचा प्रश्नच नव्हता; कार्यक्रम थेटच चालला होता. मग बाळी बोलली. कुणाला नावं ठेवली नाहीत, आवाज चढवला नाही. बापाच्या तळहातावरचे फोड, आईच्या डोक्यावरची दगडांची पाटी, खडकातून आधी ओल कशी फुटली आणि बाप ती जिभेनं चाखून कसा हसला, हे तिनं कालच घडल्यासारखं सांगितलं. लांबून भरून दिलेली घागरही सांगितली. पुष्पा शेवटी एवढंच म्हणाली, “मागच्या गुरुवारी आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली व्हती. जिवा माझा आजा. राहिलेली गोष्ट माझ्याच घरानं सांगाया पायजे व्हती.”

टाकीपाशी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. लाडक्याही होता. पुष्पाच्या थोरल्या मुलीनं नंतर सांगितलं, तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि निघून गेला.

तो महिनाभर बोलला नाही. पुष्पा दिसली की वाट बदलायचा. मग एके सकाळी ती गोठा झाडत असताना आपणहून आला आणि कुडाला टेकून उभा राहिला.

“मी आठ वर्सांचा व्हतो,” तो एकदम म्हणाला. “भाकर घेऊन विहिरीवर मीच जायचो. आय दोघांची भाकर द्यायची. एक बाची. दुसरी कुणाची, ते मी इसरलो व्हतो.” मग तो म्हणाला, “बा कधीच बोलला नव्हता गं, का मी खणली म्हणून. तो मेल्यावर आम्हीच बोलाया लागलो. बोलता बोलता मलाच खरं वाटाया लागलं.”

पुष्पानं झाडू टाकला आणि त्याला चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात लाडक्या आणि बाळी विहिरीच्या काठावर एकमेकांशेजारी बसले आणि पुष्पानं त्यांच्यामध्ये रेकॉर्डर ठेवला. लाडक्यानं मंगळूचं नाव घेऊन सुरुवात केली. बाळीनं त्याच्याकडं न बघताच हातातली तंबाखूची चिमूट पुढं केली आणि त्यानं ती घेतली. मग दोघं खुलले. कोण कुठं बसायचं, कुठल्या झाडाखाली भाकर खायची, जिवा किती चिडका होता. तेवढ्यात लाडक्या म्हणाला, विहीर सव्वीस हात खोल. बाळी म्हणाली, तीस हात. दगडं मी वाहिली का तू? लाडक्या म्हणाला, दोर माझ्या घरात आहे, मोजून दाखवतो. बाळी म्हणाली, दोर उंदरांनी खाल्लेला असंल.

भांडण वीस मिनिटं चाललं. केंद्रावर ते ऐकताना वर्षालीनं विचारलं, हा भाग थोडा कमी करूया का? पुष्पानं त्यातलं एक अक्षरही कापलं नाही.